सर्व्हे भरून कमाई: सुरुवात मिनिटांच्या हिशेबापासून

सर्व्हेच्या लिंकखाली दोन आकडे दिसतात: किती मिनिटं लागतील आणि किती पॉइंट मिळतील. नवीन माणूस या दोन आकड्यांवरून तासाला किती सुटतील हे मनाशी ठरवून टाकतो. मीही तेच केलं होतं. पहिले तीन महिने मला वाटत होतं की चांगलं चाललंय. मग एका संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून बसले आणि लिंकवर क्लिक केल्यापासून ती बंद होईपर्यंतचं प्रत्येक मिनिट वहीत लिहिलं. एकूण ९५ मिनिटं बसले. नऊ सर्व्हे उघडले. तीन पूर्ण झाले, चारांतून मधेच बाद झाले, दोन ठिकाणी कोटा, म्हणजे हवी तेवढी माणसं, आधीच भरलेला होता. तीन सर्व्हेंचे मिळून ३९५ पॉइंट झाले, म्हणजे त्या पॅनेलच्या (सर्व्हे पाठवणाऱ्या वेबसाइटच्या) दराने ३.९५ डॉलर. पूर्ण झालेल्या सर्व्हेंचीच मिनिटं धरली तर ती होती ४१, आणि त्या हिशेबाने तासाला पावणेसहा डॉलर पडत होते. बसले होते ती ९५ मिनिटं धरली तर जेमतेम अडीच.

हा दुसरा आकडा तुमची खरी मजुरी. तो वर कसा आणायचा, आणि येत नसेल तर ते वेळीच कसं ओळखायचं, हे मला सांगायचं आहे. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. २०१८ साली काही संशोधकांनी 'ॲमेझॉन मेकॅनिकल टर्क' या छोटी ऑनलाइन कामं देणाऱ्या प्लॅटफॉर्मवरच्या २,६७६ जणांनी केलेल्या ३८ लाख कामांची नोंद तपासली. काम शोधण्यात गेलेला वेळ, नाकारलेलं काम, अर्धवट सोडलेलं काम असं सगळं धरल्यावर मधली कमाई (निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) तासाला साधारण दोन डॉलर निघाली. ७.२५ डॉलरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या किमान वेतनाच्या, वर कमावणारे फक्त ४ टक्के होते. सर्व्हेला पूर्णवेळ नोकरीचा पर्याय म्हणून कोणी तुमच्यापुढे ठेवत असेल तर हा आकडा आठवा. पण हातात मोकळा वेळ आहे, घरातून हलता येत नाही, शिक्षण चालू आहे किंवा दोन नोकऱ्यांच्या मधला काळ आहे, अशा वेळी नीट केलं तर हे काम खरोखर उपयोगी पडतं. मला पडलं.

तुम्ही नोकर नाही, कंत्राटदार आहात

नोंदणी करताना जी लांबलचक अटींची पानं आपण न वाचता पुढे ढकलतो, त्यात एक वाक्य जवळपास नेहमी असतं: तुम्ही आमचे कर्मचारी नाही. मेकॅनिकल टर्क २००५ साली सुरू झालं. त्याच्या करारात काम करणारा हा 'स्वतंत्र कंत्राटदार' आहे असं स्पष्ट म्हटलेलं आहे. इतर प्लॅटफॉर्मची भाषा थोडी वेगळी असते, अर्थ तोच.

याचे परिणाम आधीच समजून घ्या. किमान वेतनाची हमी सहसा नाही. रजा, विमा, निवृत्तीचा निधी काही नाही. काम कधी येईल याचं बंधन त्यांच्यावर नाही. कर कापून पैसे येत नाहीत, त्यामुळे कमाई जाहीर करणं तुमच्याकडे. अकाउंट बंद करायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलेला असतो. उलट बाजूने, किती वाजता बसायचं, कोणता सर्व्हे घ्यायचा, कोणता सोडायचा, एकाच वेळी किती पॅनेलवर राहायचं, हे सगळं तुम्ही ठरवता. हे स्वातंत्र्य बहुतेक जण वापरतच नाहीत. समोर येईल तो सर्व्हे भरत बसतात. कंत्राटदार म्हणून पहिली सवय लावा ती 'नको' म्हणण्याची.

पैसा येतो कुठून

समजा एका कंपनीला नवा इअरफोन बाजारात आणायचा आहे. ती एका संशोधन संस्थेला काम देते. संस्था प्रश्नावली तयार करते आणि उत्तरं देणारी माणसं पुरवणाऱ्याकडे मागणी नोंदवते: २५ ते ४० वयाच्या, गेल्या सहा महिन्यांत इअरफोन घेतलेल्या ५०० व्यक्ती, त्यात निम्म्या स्त्रिया. तो पुरवठादार आपल्या आणि इतरांच्या पॅनेलवर लिंक सोडतो. तुम्ही या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असता. मधल्या प्रत्येकाने आपला वाटा काढलेला असतो, म्हणून तुमच्यापर्यंत येणारी रक्कम लहान असते.

मागणी कोट्याची का असते, हे कळलं की बाद होण्याचा राग निम्मा होतो. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांच्या आसपास परत आल्या. एवढ्या मोठ्या आकड्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, आणि ४८ पैकी ४६ राज्यांत. साप्ताहिकाने नावं घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांतून. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारलं होतं, पण वेगवेगळ्या थरांतली माणसं मोजूनमापून निवडली होती, आणि त्यांचं भाकीत बरोबर आलं. तेव्हापासून माणसांच्या संख्येपेक्षा ती कोणत्या गटातली आहेत याला महत्त्व आलं. तुमच्या गटातली माणसं पुरेशी झाली की दार बंद होतं. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

पायरी पहिली: घर मांडून घ्या

सर्व्हेसाठी वेगळा ईमेल उघडा. रोज पंधरा-वीस आमंत्रणं येतात, त्यात महत्त्वाचं पत्र हरवतं. शिवाय पुढे काम सोडायचं झालं तर एकच पेटी बंद करावी लागते. प्रत्येक पॅनेलला वेगळा पासवर्ड द्या आणि जमेल तिथे दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पॉइंट हेही पैसेच असतात आणि ते चोरीला जातात.

पैसे घेण्याच्या खात्यावरचं नाव आणि पॅनेलवरचं नाव अक्षरशः सारखं ठेवा. कितीतरी जणांचं पहिलं पेमेंट इथेच अडकतं: एकीकडे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षरं.

ठिकाण लपवणारा व्हीपीएन बंद ठेवा. तुम्ही कुठून बसला आहात हे पॅनेल तपासतं, आणि व्हीपीएन दिसला की तुम्ही दुसऱ्या देशातले असल्याचं भासवताय असा अर्थ काढला जातो. घरात दोघं हे काम करत असाल तर 'एका घरातून एकच खातं' अशी अट आहे का ते आधी वाचा. बऱ्याच पॅनेलवर असते. एकाच वाय-फायवरून दोन खाती दिसली की दोन्ही बंद होतात आणि मग समजावत बसावं लागतं.

आता प्रोफाइल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा सगळ्यात मोठा फायदा याच अर्ध्या तासात झाला. वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतःची माहिती लिहून ठेवली आहे: जन्मवर्ष, घरातली माणसं, शिक्षण, कामाचा प्रकार, उत्पन्नाचा गट, घरातली वाहनं आणि ती कोणत्या वर्षी घेतली, कोणतं मोठं उपकरण कधी घेतलं. ही माहिती खरीच आहे, ती लिहायची कशाला असं वाटेल. पण 'तुमच्या घरात किती माणसं राहतात' हा प्रश्न कधी तुम्हाला धरून असतो, कधी 'तुमच्याशिवाय' असतो. उत्पन्न कधी तुमचं एकट्याचं विचारतात, कधी सगळ्या घराचं. कधी कर जाण्याआधीचं, कधी हातात येणारं. घाईत वाचलं तर सोमवारी चार माणसांचं घर गुरुवारी तिघांचं होतं. यंत्राला ते खोटं वाटतं. दोन वेगवेगळ्या उत्तरांत फरक दिसला की तुमच्यावर खूण बसते आणि पुढच्या लिंका येणं कमी होतं, कोणी काही न सांगता. पान समोर असलं की खरं उत्तर प्रत्येक वेळी सारखंच जातं. दर तीन महिन्यांनी ते पान बघा आणि जे बदललं असेल ते पॅनेलवरही बदला.

पायरी दुसरी: पॅनेल निवडा, पण मोजकी

एका दिवसात वीस ठिकाणी नाव नोंदवू नका. तीन-चारांपासून सुरुवात करा. साधारण दोन जाती आहेत. एक, बाजार संशोधनाची पॅनेल: 'यूगव्ह', 'टोलुना', 'इप्सॉस आयसे', 'स्वॅगबक्स' ही त्यातली ओळखीची नावं. इथे काम भरपूर दिसतं, पण बाद होणंही भरपूर. दुसरी, विद्यापीठं आणि संशोधकांसाठी माणसं देणारे प्लॅटफॉर्म. २०१४ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेलं 'प्रॉलिफिक' यातलं सगळ्यात परिचित. इथे पात्रता बहुतांशी प्रोफाइलवरून आधीच तपासलेली असते, त्यामुळे आत शिरल्यावर बाहेर काढलं जाण्याची वेळ कमी येते, आणि संशोधकाने तासाला किमान किती द्यायचं याचा नियम असतो. अडचण एवढीच की सगळ्या देशांतून नोंदणी घेतली जात नाही, प्रतीक्षायादी लांब असते आणि जागा पटकन भरतात.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या जातीत जागा मिळत असेल तर तिथे आधी जा आणि पहिली जात उरलेल्या वेळेसाठी ठेवा.

पॅनेल बघताना मी चार गोष्टी पाहते. किमान किती रक्कम साठल्यावर पैसे काढता येतात. ती जितकी कमी तितकं बरं. पॉइंट किती दिवसांनी बाद होतात. बाद झाल्यावर काही थोडे पॉइंट देतात का. आणि गोपनीयतेच्या पानावर संस्थेचा पत्ता, नाव आणि माहिती पुसायची विनंती कुठे करायची ते लिहिलंय का. बाजार संशोधकांची 'एसोमार' ही संस्था कित्येक दशकांपासून आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळासोबत तिने जी आचारसंहिता केली आहे, तिच्यानुसार भाग घेणं ऐच्छिक असतं आणि संशोधनाच्या नावाखाली तुम्हाला काही विकता येत नाही. सर्व्हे म्हणून सुरू होऊन शेवटी 'आमचा प्रतिनिधी फोन करेल' असं म्हणणारी जागा त्याच दिवशी सोडा.

पायरी तिसरी: गाळणीचे प्रश्न

पहिले पाच-सात प्रश्न गाळण्यासाठी असतात. त्यात हमखास असा एक येतो: 'तुम्ही किंवा घरातलं कोणी पुढीलपैकी कोणत्या क्षेत्रात काम करतं?' आणि खाली जाहिरात, बाजार संशोधन, पत्रकारिता, आणि ज्या मालाचा सर्व्हे आहे ते क्षेत्र. यांतलं काहीही लागू असेल तर तुम्हाला वगळतात, कारण आतली माहिती असलेल्या माणसाचं उत्तर सामान्य ग्राहकाचं नसतं आणि नव्या मालाची गोष्ट बाहेर फुटण्याची भीती असते.

इथे खोटं बोलायचा मोह होतो. काही व्हिडिओंत तर उघड शिकवतात की 'सगळ्याला हो म्हणा'. हे करू नका, आणि केवळ नीतीसाठी म्हणून मी हे सांगत नाही. यादीत अस्तित्वात नसलेला ब्रँड मुद्दाम घातलेला असतो. गेल्या महिन्यात गाडी, फ्रिज, विमा आणि परदेशवारी असं सगळं केलेला माणूस आकडेवारीत उठून दिसतो. आणि ज्या वस्तूबद्दल काही माहीत नाही तिच्यावर वीस मिनिटं प्रश्न आले की दमछाक होते, उत्तरं फसतात, शेवटी पॉइंट परत घेतले जातात. वेळ तुमचाच जातो.

खोटी उत्तरं पुरवण्याचा धंदा किती टोकाला जातो याचं एक उदाहरण: एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये आठ जणांवर आरोपपत्र दाखल झालं. बनावट सर्व्हे उत्तरं पुरवून ग्राहकांकडून सुमारे एक कोटी डॉलर उकळल्याचा आरोप त्यात आहे. पैसे देऊन माणसं बसवली जात, गाळणीतून कसं निसटायचं आणि ठिकाण कसं लपवायचं हे त्यांना शिकवलं जाई, असं आरोपपत्र सांगतं. 'आमच्या खात्यांवर तुम्ही फक्त सर्व्हे भरा, महिन्याला ठरावीक पगार' अशी ऑफर आली तर ती कसली असू शकते हे यावरून ओळखा.

पायरी चौथी: प्रत्यक्ष भरताना

तुमचं उत्तर विकलं जाण्याआधी ते तपासलं जातं. काय तपासतात ते सांगते.

वेग. सर्व्हेला सगळ्यांना मिळून मधला वेळ पंधरा मिनिटं लागत असेल आणि तुम्ही चार मिनिटांत उरकलात, तर तो फॉर्म बहुधा टाकून दिला जातो. मधल्या वेळेच्या एक तृतीयांशाहून कमी, अशी रेघ बरेच जण ओढतात.

तक्ते. डावीकडे वीस विधानं, वर 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत'. ही मोजपट्टी रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मांडली आणि आजही ती सगळीकडे आहे. विसाव्या ओळीपर्यंत बोट आपोआप त्याच रकान्यात पडायला लागतं. पण त्या वीस ओळींत एक उलटं विधान असतं. 'हे ॲप वापरायला सोपं आहे' आणि चौदाव्या ओळीत 'हे ॲप वापरताना माझा गोंधळ होतो'. दोन्हींना 'सहमत' म्हटलं की तुम्ही वाचत नव्हता हे कळतं. मी दर पाच ओळींनी नजर वर नेऊन रकान्यांची नावं पुन्हा बघते. दहा सेकंद जातात, पण काम वाचतं.

लक्ष तपासणारे प्रश्न. साधा प्रकार म्हणजे तक्त्याच्या मधोमध 'या ओळीत थोडं असहमत निवडा'. अवघड प्रकार २००९ साली ओपनहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधात मांडला: लांब परिच्छेद, शेवटी खेळांची यादी, आणि परिच्छेदाच्या पोटात दडलेली सूचना की यादीकडे दुर्लक्ष करा, वरच्या शीर्षकावर क्लिक करा. मजकूर लांब दिसला की तो शेवटपर्यंत नीट वाचा. सूचना मधेच कुठेतरी असू शकते.

स्वतःच्या शब्दांत लिहायचे प्रश्न. 'हा इअरफोन का आवडला?' यावर 'छान आहे' लिहिणं म्हणजे उत्तर वाया घालवणं. 'पावसात धावताना कानातून सटकला नाही, आणि बटण अंधारात बोटाला सापडतं' असं लिहा. दोन वाक्यं पुरतात, पण ती तुमची हवीत. एआयकडून उत्तर घेऊन चिकटवू नका. २०२३ साली स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या विद्यापीठातल्या संशोधकांनी मेकॅनिकल टर्कवर मजकुराचा सारांश करायचं काम दिलं, तेव्हा ३३ ते ४६ टक्के कामगारांनी एआय वापरल्याचा त्यांचा अंदाज निघाला. तेव्हापासून कुठे काय पेस्ट केलं, किती सेकंदांत टाइप झालं, यावर लक्ष ठेवणं वाढलंय. आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे विकायला एकच गोष्ट आहे, तुमचा स्वतःचा अनुभव. यंत्राचं उत्तर त्यांना यंत्राकडून फुकट मिळतं.

संवेदनशील प्रश्नांवर 'सांगायचं नाही' हा पर्याय असेल तर बिनदिक्कत वापरा. आजारपण, राजकीय मत, धर्म याबद्दल उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. विद्यापीठाच्या अभ्यासात सुरुवातीला संमतीपत्र येतं. ते वाचा: माहिती किती काळ ठेवणार, मधेच बाहेर पडता येतं का, तक्रार कोणाकडे, हे सगळं त्यात असतं. कॅमेरा किंवा स्क्रीन रेकॉर्ड होणार असेल तर मागची भिंत, उघडी टॅब, घरातल्यांचे आवाज यांचा आधी विचार करा.

पायरी पाचवी: वही

माझ्या वहीत आठ रकाने आहेत. तारीख, पॅनेल, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, निकाल, सांगितलेले पॉइंट, जमा झालेले पॉइंट, हातात पैसे आल्याची तारीख. निकालाच्या रकान्यात मी एकच अक्षर लिहिते: पू, बा किंवा को. पूर्ण, बाद, कोटा. हवं तर स्प्रेडशीट करा. मला हाताने लिहिलेलं पटकन दिसतं.

दोन आठवड्यांनी बेरीज करा. पॅनेलनिहाय खरी मजुरी काढा, बाद झालेली मिनिटं धरून. मी केली तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त पॉइंट दाखवणारं पॅनेल माझ्यासाठी सगळ्यात वाईट होतं. त्याच्या एका सर्व्हेत मी अठराव्या मिनिटाला बाद झाले होते. प्रगतीची पट्टी ८५ टक्क्यांवर होती. इअरफोनच्या पॅकचे तीन फोटो बघून झाले होते, दोन मोठी उत्तरं लिहून झाली होती, आणि 'क्षमस्व, आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही' असं पान आलं. पात्र नसलेल्या माणसाकडून एवढी उत्तरं घ्यायची कशाला, याचं समाधानकारक उत्तर मला त्या पॅनेलकडून कधीच मिळालं नाही. वहीत तसं एकाच पॅनेलवर महिनाभरात तीनदा दिसलं आणि मी ते सोडलं. त्या एका निर्णयाने माझी तासाची मजुरी जवळपास दीडपट झाली.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसते: तुमच्यासाठी कोणती वेळ चांगली. कोटे सर्व्हे सुरू झाल्या झाल्या भरतात, म्हणून आमंत्रण आल्यावर तासाभरात उघडलेल्या लिंका जास्त पूर्ण होतात. माझ्या वहीत 'को' हे अक्षर जवळजवळ नेहमी रात्री उशिरा उघडलेल्या लिंकांपुढे आहे.

स्वतःची किमान मजुरीही ठरवा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा. सलग दोन महिने आकडा त्याखाली राहिला तर ते तास दुसऱ्या कामाला द्या. फोकस ग्रुप (गटचर्चा), आठवडाभराची डायरी, घरी वस्तू वापरून बघणं, वेबसाइटची चाचणी ही याच दुनियेतली कामं आहेत. क्वचित मिळतात, पण तासाला बरीच जास्त देतात, आणि स्वच्छ नोंद असलेल्या सदस्यांना तिथे आधी विचारलं जातं.

पायरी सहावी: पैसे काढा, साठवू नका

किमान रक्कम झाली की लगेच काढा. नव्या पॅनेलवर तर पहिलं पेमेंट हातात पडेपर्यंत जास्त वेळ घालवू नका. पहिलं पेमेंट हीच त्या पॅनेलची परीक्षा. साठवलेले पॉइंट मुदत संपून जातात, दर बदलतात, अकाउंट बंद झालं तर बुडतात.

जमा झालेले पॉइंट नंतर कमी झालेले दिसले तर गोंधळू नका. सर्व्हे मागवणारी संस्था सगळा डेटा हातात आल्यावर साफ करते आणि नाकारलेल्या फॉर्मचे पॉइंट परत घेतले जातात. एखाद्या वेळी होणारच. एकाच महिन्यात वारंवार झालं तर तुमचा वेग किंवा तक्ते तपासा. चूक तुमची नाही अशी खात्री असेल तर लिहा, पण चिडून नको. सर्व्हेचा क्रमांक, तारीख, सुरू-संपल्याची वेळ आणि शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट एवढंच द्या. म्हणूनच मी शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट नेहमी काढते आणि पैसे जमा झाल्यावर पुसते.

करासाठी मिळालेली पूर्ण रक्कम धरा, शुल्क कापून उरलेली नव्हे. शुल्क वेगळ्या रकान्यात लिहा. परकीय चलन असेल तर त्या दिवसाचा दर टिपा. गिफ्ट कार्ड हा मोबदलाच असतो, त्याची किंमतही नोंदवा. अमेरिकी प्लॅटफॉर्म अमेरिकेबाहेरच्या माणसाकडून 'डब्ल्यू-८बीईएन' हा फॉर्म मागू शकतात. त्यात तुम्ही करासाठी अमेरिकी व्यक्ती नाही हे जाहीर करायचं असतं. तुम्ही राहता तिथे किती रकमेपासून कमाई दाखवावी लागते हे एकदा करसल्लागाराला विचारून वहीत लिहून ठेवा. वही असेल तर त्याला तुमचं काम समजायला दहा मिनिटं पुरतात.

फसवणूक कशी ओळखायची

नोंदणीचे पैसे मागितले की तिथेच थांबा. सर्व्हेसाठी पैसे तुम्हाला मिळायचे असतात. ओटीपी, बँकेचा पासवर्ड, कार्डमागचे तीन आकडे कोणत्याही संशोधनाला लागत नाहीत. चॅट ॲपवरून येणारी 'कामं' विशेष जपून घ्या. सुरुवातीला दोन-तीन छोट्या रकमा खरंच देतात, विश्वास बसला की 'पुढच्या पातळीसाठी' तुमच्याकडून पैसे भरून घेतात, आणि ते परत मिळत नाहीत. कोणी जास्त रकमेचा चेक पाठवून उरलेले परत करा म्हणालं तर तो चेक न वटणारा असतो. अशा माणसाशी बोलत बसू नका, पुरावे जपा आणि सायबर पोलिसांकडे द्या.

सोडताना

एखादं पॅनेल सोडायचं ठरवलं की नुसतं ॲप काढून टाकू नका, क्रम पाळा. आधी सगळे पॉइंट काढा आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत थांबा. अकाउंट बंद केलं की उरलेल्या पॉइंटवरचा हक्क सहसा जातो. कमाईच्या नोंदीचं पान डाउनलोड करून घ्या, कर भरताना लागतं. मग सेटिंगमधून सदस्यत्व रद्द करा. शेवटी गोपनीयतेच्या पत्त्यावर वेगळा ईमेल लिहून माहिती पुसायला सांगा, कारण सदस्यत्व रद्द होणं आणि माहिती पुसली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने हा हक्क स्पष्ट दिला, आणि अनेक आंतरराष्ट्रीय पॅनेल आता तीच सोय सगळ्यांना देतात. मी असा ईमेल चार ओळींत लिहिते: नोंदणीचा ईमेल, सदस्य क्रमांक, 'माझी सर्व वैयक्तिक माहिती पुसावी आणि पुसल्यावर कळवावं' आणि तारीख. उत्तर आलं की त्या पॅनेलच्या शेवटच्या नोंदीखाली वहीत रेघ ओढते.